पहिला मान बाईंचा

आमच्या गावाचं नाव बेस्ट. इथे आलो तेव्हा मुलुंडला आईला फोन करून सांगितलं, "आई, आम्ही बेस्टमध्ये राहतो." ती म्हणाली, "छानच की. पण गावाचं नाव काय, ते सांगशील की नाही?" तिला ते पटायला दोन-तीन फोन लागले. आता तीच शेजारणींना सांगते की माझी मुलगी बेस्टमध्ये असते, आणि शेजारणी म्हणतात, हो का, आमचीही मजेत आहे.

गाव आइंडहोवेनला खेटून आहे. आमच्या गल्लीतले निम्मे लोक सकाळी सायकली काढून तिकडे इंजिनिअरगिरी करायला जातात, माझा नवराही त्यांतलाच. तो इथे आला हुशार म्हणून आणि मी आले त्याची बायको म्हणून. माझ्या परवान्यावर तसं छापलेलंच होतं. पहिली दोन वर्षं मी घर, सुपरमार्केट आणि खिडकी एवढ्यातच फिरले आणि खिडकीतून जे दिसेल त्यावर चिडले. मग एका मंगळवारी बाईंच्या वर्गात जाऊन बसले.

बाई म्हणजे आमच्यापासून तिसऱ्या दारात राहणाऱ्या निवृत्त भूगोल शिक्षिका. अस्सल डच. उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, सत्तरी ओलांडलेल्या आणि एकट्या. गावात एक बूर्टहाउस आहे. आपल्याकडे समाजमंदिर असतं तशीच जागा, फक्त देव नाही आणि कॉफीचं यंत्र आहे. तिथे दर मंगळवारी सकाळी बाई नवीन आलेल्या बायकांना डच शिकवायच्या. फुकट. वर्गातली पहिली मराठी मुलगी त्यांना 'बाई' म्हणाली, मग सगळ्याच म्हणायला लागल्या आणि हे आपलं भारतीय नाव आहे अशी बाईंनी समजूत करून घेतली. पुढे खरा अर्थ कळल्यावरही त्यांनी ते नाव ठेवलं. आमचे नवरे कधी वर्गात बसले नाहीत, पण तेसुद्धा त्यांना बाईच म्हणतात.

बाईंचा स्वभाव एका शब्दात सांगायचा तर 'एकच'. वर्गात एका वेळी एकच जण बोलणार. प्रश्नाला उत्तर एकच. आणि कॉफीबरोबर बिस्कीट एकच. हे बिस्किटाचं प्रकरण इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला एकदा तरी लागतं. डबा उघडायचा, पाहुण्यासमोर धरायचा, त्याने एक उचललं की टप्पकन झाकण बंद. जिथे नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात तिसरी पुरणपोळी पडते अशा घरातून आलेल्या माणसाला ते झाकण कानाखाली बसतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा दुसरं आपोआप येईल म्हणून पहिलं बिस्कीट हळूहळू कुरतडत बसले होते. कॉफी संपली, गप्पा संपल्या, दुसरं काही आलं नाही. घरी येऊन मी दोन पोळ्या खाल्ल्या.

याच बाई गावच्या नगरपालिकेत निवडून आलेल्या सभासद होत्या. त्यांचा पक्ष म्हणजे गावातल्याच मूठभर लोकांनी काढलेला, आणि सभागृहात त्याची खुर्ची एकच, बाईंची. त्यांचा विषयही एकच. बूर्टहाउसची इमारत जुनी झाली आहे, ती पाडून तिथे फ्लॅट बांधावेत असं बऱ्याच जणांच्या मनात होतं. विषय निघाला की बाई हात वर करून उभ्या राहायच्या आणि तो पुढच्या बैठकीवर जायचा. तिथे आमचा मंगळवारचा वर्ग होता, गावातल्या म्हाताऱ्यांचे पत्त्यांचे डाव होते आणि आमच्या गणपतीतल्या नाटकाच्या तालमी होत्या. बाईंची खुर्ची गेली असती तर तो हात वर करायला कोणी उरलं नसतं.

निवडणूक जवळ आली तेव्हा एकदा वर्ग सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "यादीत तुझं नाव घालू का? शेवटचं."

मला वाटलं माझ्या डचमध्येच काहीतरी गडबड झाली. पण नाही. इथे पक्षाच्या उमेदवारांची यादी असते. पहिल्या नंबरवर मुख्य उमेदवार, म्हणजे आमच्या बाबतीत बाई, आणि सगळ्यात खाली असा एक जण, जो निवडून यायला उभाच नसतो. चार लोकांत मिसळणारा असतो, त्याच्याकडे बघून लोक यादीतल्या कोणाला तरी मत देतात, ती सगळी मतं यादीच्या खात्यात जातात आणि वरचा माणूस निवडून येतो. या शेवटच्याला लाइस्टड्यूवर म्हणतात. शब्दशः, यादी ढकलणारा.

"म्हणजे धक्कास्टार्ट," माझा नवरा म्हणाला. "बंद पडलेली गाडी मागून ढकलायची, आणि सुरू झाली की ती जाते निघून. आपण धूर खात उभे."

मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिला इथलं सगळं आमच्यापेक्षा जास्त कळतं. तिने फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, "आई, यू आर नॉट सपोज्ड टू विन. दॅट्स द होल पॉइंट."

मुलुंडहून आई म्हणाली, "शेवटचा नंबर? शाळेत असताना तर असं नव्हतं तुझं." मग जरा काळजीने, "डिपॉझिट जप्त होणार नाही ना?"

मी बाईंना हो म्हटलं. पाच वर्षं रीतसर राहिलं की पासपोर्ट कुठलाही असो, गावाच्या निवडणुकीत मत देता येतं आणि उभंही राहता येतं. देशाच्या निवडणुकीत नाही. म्हणजे पंतप्रधान कोण असावा यावर मला मत नाही, पण गल्लीतला दिवा बंद का यावर आहे, आणि खरं सांगायचं तर मला दिव्याचंच जास्त पडलेलं असतं. बूर्टहाउस वाचावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि अजून एक कारण होतं. ज्याच्यावर मी कोणाची बायको हे लिहिलेलं नाही, फक्त माझं नाव आहे, असा इथला पहिलाच सरकारी कागद मला बघायचा होता.

प्रचार म्हणजे शनिवारी बाजाराच्या दिवशी चौकात घडीचं टेबल मांडून उभं राहायचं. लाउडस्पीकर नाही, मिरवणूक नाही, गुलाल तर नाहीच. समोरच्या पक्षाचा उमेदवार शेजारच्याच टेबलामागे उभा, आणि वारा सुटला की दोघं एकमेकांची पत्रकं धरून ठेवतात. पहिल्या शनिवारी मला हे बघून कंटाळा आला. दुसऱ्या शनिवारी मी डबाभर चकल्या तळून नेल्या. एका आजोबांनी चकली उलटसुलट करून बघितली, थँक्यू म्हणाले आणि आपल्या कुत्र्याला दिली. कुत्र्याने ती खाल्ली आणि टेबलासमोर बसकण मारली.

"एक मत नक्की," बाई म्हणाल्या.

बाई विनोद करतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण टेबल आवरताना त्या गप्प होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, पक्षाचा खजिनदार त्यांना एक गोष्ट ऐकवून गेला होता. हा खजिनदार मिशाळ आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. तो म्हणाला होता, "भारतीय बाईला यादीत घेतलंस ना, आता भारतीय मतं तिलाच पडतील. तुला त्यांतलं कोणी ओळखतही नसेल."

"पण मत मला पडलं काय आणि तुम्हाला पडलं काय," मी म्हटलं, "जाणार यादीतच ना? खुर्चीला काय फरक पडतो?"

"खुर्चीला पडत नाही," बाई म्हणाल्या. "मला पडतो."

मग टेबलाचे पाय मिटता मिटता त्यांनी सांगितलं. इतक्या बायकांना शिकवलं. अर्ध्या पुढे युट्रेख्टला गेल्या, ॲमस्टरडॅमला गेल्या, काही परत गेल्या. जाताना मिठी मारतात, फोटो काढतात, पुढे एक ओळ लिहीत नाहीत. ज्या गावात राहिल्यात त्यांना तरी ते मंगळवार आठवतात का, की आता डच आलं, संपलं? "निकालात प्रत्येक उमेदवाराची मतं वेगळी लावतात," त्या म्हणाल्या. "प्रत्येक केंद्राची. बूर्टहाउसच्या केंद्रावर तुम्ही सगळे मत देता. तिथे माझ्या नावापुढे काय आहे ते मी बघणार आहे. हे कोणाला सांगू नकोस, बालिश आहे."

मला ते मुळीच बालिश वाटलं नाही. आम्ही कोणीच त्यांना कधी काही म्हणालो नव्हतो. दिवाळीला फराळाचं ताट नेऊन द्यायचो आणि ताट परत मिळालं की झालं.

म्हणून मी घरी एक बैठक घेतली. गावातली मराठी मंडळी, साबुदाणे वडे, चहा आणि बाई. बाई आमच्या सोफ्यावर ताठ बसून सावकाश, सोप्या डचमध्ये बूर्टहाउसबद्दल बोलल्या, आणि सगळ्या बायका आपोआप वर्गात बसल्यासारख्या हात मांडीवर घेऊन ऐकायला लागल्या. नवरे वडे खात होते. शेवटी आभारप्रदर्शनाला काका उठले. काका म्हणजे आमच्या मंडळाचे कायमचे सूत्रसंचालक, मोठ्या हुद्द्यावर आहेत, मूळचे पुण्याचे. दोन वाक्यांत आभार मानणं त्यांच्या रक्तात नाही. नमनालाच घडाभर तेल ओतून झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"तर मंडळी, यादीत सगळ्यात वर बाई आहेत आणि सगळ्यात खाली आपल्या वहिनी. आपली संस्कृती काय सांगते? पहिला मान गुरूंचा. तेव्हा पहिला मान बाईंचा, मग आपल्या वहिनी. दोघींनाही विसरू नका."

टाळ्या झाल्या. बाईंनी मला हळूच विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, तुमचं कौतुक केलं. बाईंनी काकांकडे बघून मान हलवली आणि काकांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

मतदान बुधवारी होतं. बूर्टहाउसच्या पत्त्यांच्या खोलीत तीन आडोसे मांडले होते आणि प्रत्येकात सुतळीला बांधलेली लाल पेन्सिल. मतपत्रिका उलगडली की तिच्यावर पापड वाळत घालता येतील एवढी मोठी. एकेका पक्षाचा एकेक उभा रकाना, नावापुढे पांढरा गोल. आपल्याला हव्या त्या माणसाचा गोल लाल रंगवायचा, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. मी माझं मत बाईंना दिलं. आमच्या रकान्यात सगळ्यात खाली माझं नाव बघून मात्र मी आडोशात जरा जास्तच वेळ उभी राहिले.

दिवसभर आमच्या ग्रुपवर केंद्राबाहेरचे फोटो येत होते. बोटाला शाई लावत नाहीत म्हणून एकीने घरून नेलेलं कुंकू बोटाला लावून फोटो काढला होता. नवरा ऑफिसला जाताना मत देऊन गेला. संध्याकाळी आला तो मोठ्या रुबाबात.

"दिलंस?" मी विचारलं.

"दिलं. दोघींचं काम केलं."

मी कुकर लावत होते. लक्ष दिलं नाही.

सकाळी उठले तर फोनवर निकाल आला होता. इथे आधी फक्त यादीवार मोजतात, कुठल्या पक्षाला एकूण किती. त्याप्रमाणे आमच्या यादीची खुर्ची राहिली होती. जेमतेम, पण राहिली होती. मी रात्रीच्या कपड्यांवर जाकीट चढवून तशीच बाईंकडे धावले. बाई ड्रेसिंग गाउनमध्ये दारात उभ्या होत्या आणि हसत होत्या. मी त्यांना मिठी मारली. इथे गालाला गाल लावतात, मिठी वगैरे नाही, पण त्यांनी चालवून घेतलं.

"आज क्रीडागृहात उमेदवारवार मोजणी आहे," त्या म्हणाल्या. "कोणालाही बघायला जाता येतं. मी नाही येणार, माझ्याने बघवणार नाही. तू जा, आणि बूर्टहाउसचा आकडा मला येऊन सांग."

क्रीडागृहात बास्केटबॉलच्या रेघांवर लांबच लांब टेबलं मांडली होती. बघणाऱ्यांनी जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीच्या अलीकडे उभं राहायचं, हात लावायचा नाही आणि बोलायचं नाही. आदल्या दिवशी यादीप्रमाणे लावलेले गठ्ठे आता पुन्हा सोडून, प्रत्येक कागद उलगडून, कोणत्या नावाला मत आहे ते बघून वेगळे करत होते. आमच्या गठ्ठ्याच्या टेबलावर पोनीटेलवाली एक मुलगी होती. ती कागद उघडायची आणि बाईंच्या ढिगात टाकायची, बाईंच्या, माझ्या, बाईंच्या. माझा ढीग वाढताना बघून मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू.

मग बूर्टहाउसची पेटी आली. पोनीटेलने एक कागद उघडला आणि थांबली. हात वर केला. टेबलाचा प्रमुख आला, त्याने कागद उचलून धरला. आमच्या रकान्यात सगळ्यात वरचा गोल लाल होता आणि सगळ्यात खालचाही लाल होता. रांगोळीत रंग भरावा तसे दोन्ही नीट, कडेच्या बाहेर न जाता भरलेले. प्रमुख म्हणाला, "दोन. बाद." कागद बाजूला गेला.

त्यानंतरचा बरा होता. त्यापुढचा पुन्हा तसाच. वर एक, खाली एक. मग अजून एक. आदल्या दिवशी घाईत ते सगळे आमच्याच यादीचे म्हणून आमच्या गठ्ठ्यात गेले होते, आणि आता एकेक करून बाहेर येत होते. एका कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अगदी बारीक 'श्री' लिहिलेलं होतं. प्रमुखाने तो डोळ्यांजवळ नेला, शेजारच्याला दाखवला, त्यानेही खांदे उडवले. वाणसामानाच्या चिठ्ठीवरही श्री घालणारी एकच बाई आमच्या मंडळात आहे. तिचं नाव मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मला पट्टी ओलांडून ओरडावंसं वाटत होतं की अहो, हे मत नाही, हा मान आहे. पण डचमध्ये ते वाक्यच तयार होईना.

दुपारपर्यंत सगळं संपलं. आमची खुर्ची गेली. चौकातल्या त्या शेजारच्या टेबलवाल्याच्या पक्षाला ती मिळाली, ओंजळभर मतांच्या फरकाने, आणि आमचा बाद गठ्ठा ओंजळीपेक्षा जाड होता.

बाहेर सायकलींजवळ उभं राहून मी नवऱ्याला फोन लावला.

"तू मत कसं दिलंस?"

"लाल पेन्सिलीने."

"किती गोल भरलेस?"

"दोन. एक बाईंचा, एक तुझा. काका म्हणाले नव्हते का, पहिला मान बाईंचा?"

"अरे, एकच भरायचा असतो."

"असं कसं? आमच्या पुण्यात एका प्रभागात चार नगरसेवक, चार बटणं दाबायची. इथे दोनच म्हणजे मला कमीच वाटले."

"कागदावर वरतीच लिहिलं होतं, एक म्हणून."

"डचमध्ये असेल."

"डचमध्येच असणार ना. आठ वर्षं झाली तुला इथे."

"ऑफिसमध्ये इंग्लिश चालतं," तो म्हणाला. मग हळूच, "किती झाली गं बाद?"

मी फोन ठेवला. तो काय तो समजला.

माझं नाव लग्नानंतरही मुलुंडच्याच मतदारयादीत राहिलं होतं. मुंबईत एक वॉर्ड, एक नगरसेवक, एक बटण. आमच्या मंडळातल्या एकाही मुंबईकराचं मत बाद झालं नाही, हे मी पुढे चौकशी करून पक्कं केलं. पुणेकरांनी मात्र मला शिकवू नका या थाटात आत जाऊन, जाणतेपणाने, दोन-दोन गोल भरले होते. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, मी 'मान' म्हणालो होतो, 'मत' नाही." मग फोनवरच त्यांचा आवाज बसला. मोठा माणूस असा गप्प झाला की त्याला रागवताही येत नाही.

क्रीडागृहापासून बाईंचं घर सायकलने जवळ आहे. मी ती हातात धरून चालत गेले.

बाईंना कळलं होतं. खजिनदाराने फोन केला होता आणि आकडेही वाचून दाखवले होते. त्यांनी मला आत घेतलं, कॉफी केली आणि माझ्यासमोर बसल्या. सकाळी गाउनमध्ये होत्या, आता सभेला निघाल्यासारख्या कडक कपड्यांत होत्या.

"बूर्टहाउसच्या केंद्रावर तुला छान मतं आहेत," त्या म्हणाल्या. "अभिनंदन. मनापासून म्हणते. माझी तिथे थोडीच आहेत. तेवढी माझ्या पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचीच असतील." त्यांनी कॉफी ढवळली. साखर घालत नाहीत, तरी ढवळली. "बरं झालं. विचारलं होतं, उत्तर मिळालं."

मला बोलायला सुरुवातच सापडेना. त्यांनीच शिकवलेली भाषा आणि त्यांच्याचसमोर अडखळत होते. शेवटी कागदी रुमाल घेतला आणि त्यावर दोन गोल काढले, एक वर, एक खाली. म्हटलं, असे कागद होते. बरेच. आमच्या लोकांचे. सगळे बाद झाले.

"दोन का?" त्यांनी विचारलं. "वर लिहिलेलं असतं, एक."

मग मी त्यांना मान सांगितला. डच शब्दकोशात 'रेस्पेक्ट' आहे, पण तो पोलिसांना द्यायचा असतो, तो नव्हे. म्हटलं, आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. पंगतीत पहिलं पान मोठ्यांचं वाढतात. त्यांच्या आधी घास घ्यायचा नाही. काका त्या दिवशी उठून हेच म्हणाले होते, पहिला मान बाईंचा. तर लोक आत गेले, त्यांनी आधी तुमचा गोल भरला आणि मग खाली येऊन माझा. माझ्या नवऱ्यानेसुद्धा.

बाई त्या रुमालाकडे बघत राहिल्या.

"पण त्यामुळे मत बाद होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यामुळेच खुर्ची गेली."

"हो, बाई."

"आणि बाद झालेल्या त्या सगळ्या कागदांवर मी होते?"

"सगळ्या."

"पहिली?"

"पहिली."

त्यांनी वरच्या गोलावर बोट ठेवलं. आणि मला रडू आलं. बूर्टहाउसचं वाईट वाटत होतं, खुर्चीचं वाटत होतं, नवऱ्याचा राग येत होता, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी मला आमच्या त्या खुळ्या लोकांचा अभिमानही वाटत होता. हे सगळं एकदम वाटतं तेव्हा दुसरं काय करणार.

"मान," बाई म्हणाल्या. वर्गात आम्ही नवा शब्द म्हणायचो तसा, सावकाश. "मान." मग नाक शिंकरलं आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "मंगळवारी सगळ्यांना घेऊन ये. नवऱ्यांनासुद्धा. एक ते दहा पुन्हा पहिल्यापासून शिकवते. 'एक'वर पूर्ण तास घेईन."

"आणतेच," मी म्हटलं. "कान धरून."

त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरला. मी एक उचललं आणि सवयीने हात मागे घेतला, आता टप्पकन होणार म्हणून.

झालं नाही. डबा तसाच माझ्यासमोर होता.

"अजून एक घे," बाई म्हणाल्या. "आज तुमच्या पद्धतीने."